आप्पांचा पंप सुटला

११ मे १९९७

ऑफिसच्या वेळेला अजूनही जाग येते. कुठली साडी नेसायची याचा विचार सुरू होतो आणि मग आठवतं, कुठंच जायचं नाहीये. मालकांनी कारखाना गुजरातेत हलवला. टायपिस्ट मुलींना तिकडं कोण नेणार? शेवटच्या दिवशी मंजुषा म्हणाली, "टेन्शन नको घेऊ गं, होईल काहीतरी." तिचं बरं आहे, तिचा नवरा तुर्भ्याच्या मार्केटात कामाला आहे. आमच्याकडं मी एकटीच कमावत होते. आप्पा रबाळ्याला एका रंगाच्या कंपनीत मिक्सिंगला होते, पण दम्यापायी त्यांना लवकर घरी बसावं लागलं.

आज जेवताना आप्पांना दम लागला. ताट सरकवून ते पलंगाच्या कडेला बसले, हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वर-खाली होत होते, छातीतून शिट्टी वाजत होती. आईनं आधी दार लावून घेतलं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून, आणि मग दम्याचा निळा पंप हातात दिला. ती म्हणते पंपाची सवय लागली की माणूस त्यातून सुटत नाही. खरं-खोटं मला माहीत नाही. पण तो फुस्स असा आवाज झाला की मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडं बघते.

२५ मे

रविवारच्या पुरवणीत एक लेख आलाय. अंतराळात माणसं पाठवणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांनी एका बंद पेटीत कुंड्या ठेवून बघितलं, तर झाडांनी हवेतले वाईट वायू शोषून घेतले. प्लायवूडमधून निघणारे, रंगातून निघणारे. रंगातून! मी लेख पुन्हा वाचला आणि मग आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. झाडांची नावंही दिली आहेत. मनीप्लांट, स्पायडर प्लांट, ती तलवारीसारख्या उभ्या पानांची सर्पपर्णी.

आप्पा म्हणाले, "खरं असंल. गावची आपली माणसं झाडाखाली झोपायची, त्यांना कुठं दमा व्हता?"

"झाडाखाली झोपायची," आई आतून म्हणाली. "झाड घरात घेऊन न्हाय."

२९ मे

आणली झाडं! हायवेजवळ एक नर्सरी आहे, बाबासो म्हणून साताऱ्याकडचा माणूस चालवतो. दम्यासाठी पाहिजेत म्हटल्यावर म्हणाला, "मग काय तर! झाड म्हंजे ऑक्सिजनचा नळच की ताई." रिक्षा भरून आणली. मनीप्लांटचा वेल खिडकीपासून पलंगापर्यंत सोडला, सर्पपर्णी कपाटाशेजारी, स्पायडर टीव्हीवर. आमची एकच खोली आणि स्वयंपाकघर, तळमजला. आता आत शिरलं की हिरवं हिरवं दिसतं.

आई कमरेवर हात ठेवून उभी. "अक्षे, घर हाय का राणीची बाग?"

आप्पा मात्र पलंगावर बसून बघत होते. "गार वाटतंय गो बाय," म्हणाले. पहिल्याच दिवशी!

८ जून

खिडक्या आता लावूनच ठेवते. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांकडून वास येतो. आणि विचार केला तर लेखातली पेटीसुद्धा बंदच होती. बाहेरची हवा सारखी आत येत राहिली तर बिचाऱ्या झाडांनी साफ तरी किती करायची?

फरक दिसतोय. आप्पा पूर्वी दारापर्यंत जायचा कंटाळा करायचे. आता ऊन कललं की स्वतःहून चपला घालतात, हातात कापडी पिशवी घेतात आणि दिवाळे गावाच्या खाडीवर होड्या बघायला जातात. येताना चेहरा कसा टवटवीत असतो. कधी पिशवीत सुके बोंबील असतात, कधी नुसतीच पिशवी.

१५ जून

किती दिवसांत पंपाचा आवाज ऐकला नाही! आज धीर करून विचारलं, "आप्पा, पंप कुठाय?" त्यांनी कपाटाच्या खणाकडं बोट दाखवलं. तिथं पडला होता, वर धुळीचा थर.

"लागत न्हाय आता," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ऑफिस बंद झाल्यावरही रडले नव्हते. आई तांदूळ धूत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाहेर आप्पांकडं बघितलं, आणि तांदळाचं पाणी इतक्या जोरात ओतलं की अर्धे तांदूळ मोरीत गेले. माझं बरोबर निघालं हे तिला सहन होत नाही. ती माझं लग्न, लग्न करत बसलीय, आणि मी इथं घर बरं करतेय.

२२ जून

मंजुषा आली होती. खोली बघून म्हणाली, "बापरे! अगं, केवढं छान!" आप्पांनी तिला पंपाचं स्वतः सांगितलं, मी विचारलंसुद्धा नव्हतं. तिच्या सासूबाईंना, वेणूबाईंना, दमा आहे. लगेच माझ्याबरोबर नर्सरीत आली आणि चार कुंड्या कोपरखैरण्याला घेऊन गेली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "अक्षता, हे तू विकत का नाहीस? प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी दमेवाला असतो."

दिवसभर डोक्यात तेच आहे. नावसुद्धा सुचलं, 'निरोगी हवा'. बाबासोला विचारीन, कुंड्या आधी आणि पैसे नंतर असं चालेल का.

६ जुलै

माझा धंदा सुरू झाला. धंदा म्हणायला लाज वाटते, पण तोच शब्द आहे. नेरूळ, जुईनगर, आमची सोसायटी. मोठी टोपली घेऊन जाते, घरात कुठं काय ठेवायचं ते दाखवते, खिडक्या लावायला सांगते. लोक झाडांकडं नंतर बघतात. आधी विचारतात, "खरंच तुमच्या वडलांचा पंप सुटला?" मग मी आप्पांची गोष्ट सांगते. रंगाची कंपनी, ताटावरून उठणं, खणातला धूळ खात पडलेला पंप. ही गोष्ट सांगताना माझा आवाज भरून येतो आणि तो खोटा नसतो.

एका बाईंनी विचारलं, "डॉक्टरांना विचारलंय का?" मी म्हटलं, "डॉक्टर काय, पंपच देणार." असं बोलायला नको होतं असं परतताना वाटत राहिलं. पण वाक्य चांगलं जमलं होतं. पुढच्या घरातही तेच बोलले.

१३ जुलै

आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. कपडे आतच वाळत घालतोय, म्हणजे वाळत नाहीयेतच. कुंड्यांमधल्या मातीवर पांढरं लोकरीसारखं काहीतरी आलंय. माती सकस झाली असणार. खोलीत शिरलं की रानात आल्यासारखा वास येतो.

आप्पांना खोकला झालाय, सर्दीचाच. मोरीत जातात तेव्हा नळ सोडून बराच वेळ आत बसतात. आज पावसातसुद्धा छत्री घेऊन दिवाळ्याला निघाले. मी अडवलं तर म्हणाले, "जातो गो, तिथं बरं वाटतं."

आई खिडकी उघडायला गेली आणि आमचं वाजलं.

"माणसाला वारा नको का?" ती म्हणाली.

"आई, तुला यातलं कळत नाही."

"मला कळत न्हाय. पर माझ्या नवऱ्याचा खोकला मला कळतो."

मी म्हटलं, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही. आप्पा मध्ये पडले, "राहू दे गो चांगुणे, पोरीनं हौसेनं केलंय." हे बोलतानाही त्यांना खोकला आवरत नव्हता.

औषधाच्या दुकानात आईची पित्ताची गोळी आणायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "आप्पा बरे ना? परवाच येऊन गेले." खोकल्याच्या गोळ्या नेल्या असतील.

२० जुलै

कोपरखैरण्याला जाऊन आले. वेणूबाई किती गोड आहेत! साताऱ्याकडच्या, ठसठशीत कुंकू, बोलायला खणखणीत. मला जवळ बसवून घेतलं. "ही ती झाडवाली व्हय? ये पोरी."

मी विचारलं, "आजी, बरं वाटतंय का झाडांनी?"

त्यांनी मंजुषाकडं बघितलं. ती चहा गाळत होती. "वाटतंय की," वेणूबाई म्हणाल्या. "लई बरं वाटतंय. तुझ्या बाचा पंप सुटला म्हनं. मग मी बी ठिवून दिलाय. सपला तवा नवा आनूच नगं म्हनलं इंद्रजितला."

इंद्रजित म्हणजे मंजुषाचा नवरा. तोही खुशीत होता. मंजुषानं माझा हात दाबला. परतताना वाटलं, टाईपरायटर बडवण्यात एवढी वर्षं घालवली, हे आधी का नाही सुचलं?

३ ऑगस्ट

फार काम. वाशीहून दोन नव्या ऑर्डरी. आप्पा हल्ली बसूनच झोपतात, भिंतीला उशी लावून. आडवं झालं की कफ दाटतो म्हणतात. काढा दिलाय.

१२ ऑगस्ट

लिहवत नाहीये, पण लिहिते.

सकाळी शेजारच्या हिरामणकाकांकडं माझ्यासाठी फोन आला. मंजुषा होती. तिचा आवाज मी ओळखला नाही. "आईंना ॲडमिट केलंय. ओठ निळे पडले होते गं. पंप नव्हता घरात. इंद्रजित औषधाचं दुकान उघडायची वाट बघत उभा होता, दुकान बंद. तू म्हणाली होतीस ना, लागत नाही म्हणून? तुझ्या आप्पांचा सुटला म्हणून?" आणि तिनं फोन ठेवला.

घरी येऊन मी आई-आप्पांना सांगितलं. सांगताना मीच भांडल्यासारखी बोलत होते, "पण असं कसं होईल? आप्पांचा तर सुटला ना! आप्पांना तर काही होत नाही!"

आई आप्पांकडं बघत होती. आप्पा उठले, खुंटीवरची कापडी पिशवी काढली, दिवाळ्याला नेतात ती, आणि तिच्यातून निळा पंप काढून माझ्यासमोर धरला. नवा. खणातला तो जुना, रिकामा.

"सुटला न्हाय गो बाय."

"कधीपासून?"

"सुटलाच न्हवता कधी. खाडीवर घ्यायचो. मोरीत घ्यायचो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ते खाली बसले. धाप लागत होती, तरी बोलले. "कंपनी गेल्यावर तू हसायची बंद झालीस. झाडं आणलीस त्या दिवशी हसलीस. म्हटलं, पोरीला वाटतंय तर वाटू दे, आपलं काय जातंय. तू माझं नाव सांगून लोकांना झाडं देतीस ते ठावं व्हतं. पर त्यांनी पंप टाकावा म्हणून सांगतीस, ते न्हवतं ठावं."

"ह्यांच्या पंपाचं मला ठावं व्हतं," आई म्हणाली. "पिशवी मीच धुते. ह्यांनी शपथ घातली."

मला आप्पांचा राग आला. स्वतःचा आधी यायला हवा होता, पण आला आप्पांचा. मी म्हटलं, "तुमच्या लाडापायी एक बाई मरतेय." असं म्हटलं मी. त्यांनी मान खाली घातली आणि पंप पिशवीत ठेवून दिला.

१३ ऑगस्ट

वेणूबाई वाचल्या. हे सगळ्यात आधी लिहायचं होतं.

हॉस्पिटलात गेले तेव्हा इंद्रजित व्हरांड्यात होता. मला बघून म्हणाला, "कशाला आलीस? अजून कुंड्या खपवायच्यात काय?" मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. मंजुषा आतून बाहेर आली, माझ्याकडं न बघता परत आत गेली. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी पुढं झाले आणि सगळं सांगितलं. लेख, झाडं, खिडक्या, आप्पा. वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लेख खोटा नसेल," त्या म्हणाल्या. "पण ती हवाबंद पेटी होती. आपल्या घरात चार कुंड्यांनी हवेत काही फरक पडत नाही. उलट सतत ओली माती, बंद खिडक्या, त्यात बुरशी येते. दमा असणाऱ्याला ती बाधते. मातीवर पांढरं काही आलंय का तुमच्याकडं?"

मी होकाराची मान हलवली.

"तरी आजी इथं आल्या त्या कुंड्यांमुळं नाही. पंप बंद केला म्हणून आल्या. अजून कुणाकुणाला सांगितलंय तुम्ही असं?"

मी म्हटलं, बऱ्याच जणांना.

"मग इथं कशाला थांबलाय?"

१७ ऑगस्ट

आईनं आणि मी सगळ्या कुंड्या बाहेर काढल्या. सर्पपर्णीच्या मागं भिंत काळी पडली होती, कपाट सरकवलं तर पाठीमागं सगळं काळं, बोट लावलं तर निघून येणारं. त्या कपाटाला लागूनच आप्पांची उशी असायची. आईनं पदर नाकाला बांधून भिंत घासली. आप्पांना आम्ही हिरामणकाकांच्या ओट्यावर बसवलं होतं. आईनं खिडक्या उघडल्या आणि मला काहीही बोलली नाही. एक शब्द बोलली असती तर मी भांडू तरी शकले असते.

मग घरं. आधी आमची सोसायटी, मग जुईनगर. दारात उभं राहून सांगायचं, "मी सांगितलं ते चुकीचं होतं. माझ्या वडलांचा पंप सुटलेला नाही. तुमचा बंद केला असेल तर आजच सुरू करा, डॉक्टरांना दाखवा." पहिल्या घरात एका माणसानं दार उघडलं. त्या माणसानं कुंडी माझ्या पायाशी आणून आपटली. दुसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आम्ही कुठं बंद केला होता? आम्ही झाड आवडलं म्हणून घेतलं." त्यांना मिठी मारावीशी वाटली.

२४ ऑगस्ट

नेरूळ आणि वाशी झालं. आणखी दोघांनी पंप बंद केला होता. एक शाळेत जाणारी मुलगी होती. तिच्या आईनं ऐकून घेतलं, दार लावलं, आणि दारापलीकडून ती मुलीला कवटाळून रडतेय ते मला ऐकू येत होतं. मुलगी ठीक आहे. मी जिन्यातच खूप वेळ बसून राहिले.

बाबासो उरलेल्या कुंड्या परत घेईना. म्हणाला, "ताई, झाडानं काय गुन्हा केला? दारात लावा की." तशा लावल्या.

आप्पा आता घरात सगळ्यांसमोर पंप घेतात. डॉक्टरीणबाईंनी रोज घ्यायचा दुसराही एक दिलाय. खिडक्या उघडल्या म्हणून दमा गेलाय असं मुळीच नाही. रात्रीचा खोकला कमी आहे, एवढंच. आणि मी त्यांच्याशी अजून नीट बोललेले नाही.

७ सप्टेंबर

वेणूबाई घरी आल्यात असं कळलं होतं. मी एकटीच जाणार होते. आप्पा म्हणाले, "मी बी येतो. सांगायचं ते मला सांगायचंय."

कोपरखैरण्याच्या त्या बिल्डिंगचा जिना उभा आहे. मधल्या मजल्यावर आप्पांना दम लागला आणि ते पायरीवर बसले. जाणारे-येणारे बघत होते. आप्पांनी पिशवीतून पंप काढला, सगळ्यांदेखत घेतला, थांबले, तोंड पुसलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, "चल."

दार मंजुषानं उघडलं. तिनं वाट अडवली नाही आणि ये असंही म्हटलं नाही. वेणूबाई पलंगावर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. कुंड्या गॅलरीत गेल्या होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "खोटं सांगितलंस व्हय मला?"

मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "जय भीम बाई. मी हिचा बाप, पोपट. तिला खरंच वाटत व्हतं. खोटं मी बोललो. पंप माझा सुटला न्हाय, मी लपवून घ्यायचो."

"कशापायी?"

"पोर हसत व्हती."

वेणूबाईंनी पायांवरची चादर सरळ केली. मग खिडकीकडं बघून म्हणाल्या, "मला तरी कुठं बरं वाटत व्हतं? झाडं आल्यापास्नं छाती जास्तच दाटायची. पर सून एवढ्या हौसेनं रिक्षानं घिऊन आली. रोज इचारायची, आई, बरं वाटतंय का? काय सांगू तिला? बरं हाय म्हनायची."

स्वयंपाकघराच्या दारात मंजुषा कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो तसाच खाली, जमिनीवर ठेवला आणि आमच्याजवळ येऊन बसली. माझ्याशी बोलली नाही. पण बसली माझ्या शेजारी.

वेणूबाईंची पंपाची वेळ झाली होती. त्यांनी तो तोंडाशी धरून दाबला आणि सगळा फवारा ओठांतून परत बाहेर आला.

"अहो बाई, असं न्हाय," आप्पा म्हणाले. "सगळा वाया गेला. हे बघा." त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, आपला पंप काढला, हलवला. "आधी सगळा श्वास सोडायचा. पार रिकामं व्हायचं. मग ओढायला लागायचं आणि ओढता ओढता दाबायचं. मग धरून ठेवायचा."

"धरून किती?"

"धरवंल तेवढा."

दोघांनी श्वास सोडला. दोघांनी एकदम ओढला, दोन फुस्स झाले, आणि मग दोघंही तोंड मिटून बसले. मी आणि मंजुषा त्यांच्या छातीकडं बघत होतो. आप्पांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी सोडला. वेणूबाई अजून धरूनच होत्या, डोळे मोठे करून आप्पांकडं बघत. मग सावकाश त्यांनीही सोडला.

"तुमच्यापरीस माझा जास्त टिकला," त्या म्हणाल्या.